कमळाचं बोंड आणि न दुखणारी गाठ

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझा विषय छापलाय, 'मोबाइलवरचे खोटे वैद्यकीय मेसेज कसे ओळखावे'. त्यावर मी येणारच आहे, पण आधी माझ्या हातात काय आहे ते बघा. पहिल्या रांगेतल्या बायांनी ओळखलं. कमळाचं बोंड. आज सकाळीच तलावावरून एका ढिवरदादांनी आणून दिलं. यातले कमळगट्टे लहानपणी खाल्ले नाहीत असा माणूस या हॉलमध्ये सापडायचा नाही. हिरवी साल सोलायची, मधला कडू कोंब काढून टाकायचा आणि पांढरा गर खायचा. भंडारा-गोंदियात मालगुजारी तलाव इतके आहेत की हे आपल्याला शिकवावं लागत नाही. तरीही याच बोंडाने आपल्याकडच्या बायांची झोप उडवली. त्याचा मला राग आहे आणि तो मी आज इथे बोलून दाखवणार आहे.

झालं असं, की 2003 च्या सुमारास जगभर एक ईमेल फिरायला लागला. सुसान मॅककिन्ली नावाची कोणी मानववंशशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतून परत आली, तिच्या छातीवर पुरळ आलं आणि त्यातून पुढे भोकं पडून आत अळ्या वळवळायला लागल्या. सोबत फोटो. स्तनावर ओळीने गोल गोल खळगे आणि प्रत्येकात काहीतरी गच्च बसलेलं. बघितल्यावर पोटात ढवळतं. अशी बाई नव्हतीच. कोणीतरी कॉम्प्युटरवर कमळाच्या बोंडाचा फोटो स्तनाच्या फोटोवर चिकटवला होता, बस्स. मी तो पहिल्यांदा बघितला तालुक्याच्या सायबर कॅफेतून काढलेल्या रंगीत प्रिंटवर. पुढे मोबाइल आले आणि तोच फोटो मराठी मजकूर जोडून गावोगाव गेला.

आता यात तिळाएवढं खरं काय, तेही सांगते. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत एक माशी आहे, बॉटफ्लाय. ती डास पकडून त्याच्या अंगावर अंडी चिकटवते, तो डास माणसाला चावला की अळी कातडीत शिरते. एका फोडात एक अळी, वर श्वासापुरतं एक भोक. ओळीने मांडलेले खळगे कधीच नाहीत. आफ्रिकेत दुसरी एक माशी ओल्या कपड्यांवर अंडी घालते, म्हणून तिथे कपड्यांना इस्त्री करायला सांगतात. आपल्याकडे अळ्या पडतात त्या उघड्या, न झाकलेल्या जखमेत. बैलाच्या खांद्यावर तुम्ही बघितल्या असतील. धडधाकट कातडी फोडून दुधाच्या नसांत अळ्या होत नाहीत.

मग एका उन्हाळ्यात माझ्या दवाखान्यात दोन जावा आल्या. गाव सांगत नाही. धाकटीच्या मोबाइलमध्ये हा फोटो. तिला छातीखाली घामाने नायटा झाला होता, मे महिन्यात इथे प्रत्येक दुसऱ्या बाईला होतो. पण फोटो बघून तिला वाटलं, अळ्या शिरल्या. बाईने तिथे फिनाइल लावलं. मी बघितलं तेव्हा तळहाताएवढी कातडी सोलवटून लाल झाली होती आणि ब्लाउजचं कापड तिला चिकटलं होतं. ते भिजवून हळूहळू सोडवायलाच कितीतरी वेळ गेला. ती रडत होती, पण दुखण्यासाठी नाही. विचारत होती, "डाक्टरीनबाई, पोराले दूध पाजत होतो जी मी, त्याच्या पोटात तं नाही गेल्या?"

हे सगळं होईपर्यंत मोठी जाऊ भिंतीला टेकून उभी होती. औषध लिहून दिलं, दोघी निघाल्या, आणि दारातून ती परत फिरली. म्हणाली, "मले एक गाठ आहे जी. पन दुखत नाही, म्हनून सांगतलं नाही." कधीपासून? मागच्या धानाच्या रोवणीपासून. हात लावला आणि मला कळलं. टणक, वेडीवाकडी, काखेतही दोन. तिला नागपूरला पाठवलं. ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले आणि परत आले. काखेपर्यंत पोचायच्या आधी सापडली असती तर किती बरं झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. हे किळसवाणे फोटो नुसते घाबरवत नाहीत, ते चुकीचं शिकवतात. आजार म्हणजे भोकं, अळ्या, रक्त असं डोक्यात बसवतात. मग ज्यात तसं काही दिसत नाही तो आजारच वाटत नाही. स्तनाचा कॅन्सर सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. गाठ लागते, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसते, बोंडी आत ओढली जाते, कधी रक्ताचा थेंब येतो. याचा फोटो कोणी कोणाला पाठवत नाही.

पुरुषांनो, तुमचंही तेच. मधे एक मेसेज फिरला, कोल्ड्रिंकमध्ये एचआयव्हीचं रक्त मिसळलंय, पिऊ नका. खाण्यापिण्यातून एचआयव्ही पसरत नाही. पण तो मेसेज मला दाखवायला आलेल्या प्रत्येकाच्या गालात खर्रा होता, तोच सुपारी-तंबाखू घोटलेला! मागच्या रांगेत आत्ता एक पन्नी खिशात गेली, मी बघितली. तोंड पुरतं उघडत नाही, तिखट सोसत नाही, आत पांढरा चट्टा आलाय, हे कॅन्सरच्या आधीचं असू शकतं. तेही मुकाट्याने येतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे छापलेला विषय आता भरभर घेते.

किडनीचं सांगते. 1997 मध्ये अमेरिकेत ईमेल आला, न्यू ऑर्लिन्सला माणसाला बेशुद्ध करतात, जाग येते तेव्हा तो बर्फाच्या टबात, किडनी गायब. पोलिसांना जाहीर खुलासा करावा लागला. नॅशनल किडनी फाउंडेशनने म्हटलं, असं झालेल्यांनी पुढे या. कोणी आलं नाही. रक्तगट आणि क्रॉसमॅच, म्हणजे देणाऱ्या-घेणाऱ्याच्या रक्ताची चाचणी, जुळल्याशिवाय, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि थिएटर असल्याशिवाय किडनी कोणाच्या कामाची नाही. खरी लूट कशी होते ते 2015 मध्ये अकोल्यात उघडकीला आलं. सावकाराच्या कर्जात बुडालेल्यांना किडनी विकायला लावली होती.

आणि 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं ठेचून मारली. त्या दिवसांत फिरणारा मुलं पळवण्याचा व्हिडिओ कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्ममधून कापलेला होता. मुलं काय, अवयव काय, मेसेज तोच.

ओळखायचं कसं? मेसेज तुम्हाला काय करायला सांगतो ते बघा. खरी आरोग्याची सूचना कुठे जायचं, कोणाला दाखवायचं ते सांगते. खोटी फक्त पुढे पाठवायला सांगते. गाव, तारीख, डॉक्टर, काही नसतं. शंका आली तर आशाताईंना दाखवा, मला दाखवा, रात्री दाखवा.

तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तोंडाची तपासणी, आणि बायांची स्तनाची व गर्भाशयमुखाची, सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते. आज मी बाजूच्या वर्गखोलीत थांबतेय. बायांसाठी पडदा लावलाय, आतून कडी आहे. बाप्यांनी खर्रा थुंकून, दोन चुळा भरून रांगेत यावं. बॅटरी माझ्याकडे आहे.