बारीक झालीस गं!

(दृश्य, नाट्यरूपांतर: पुण्यातली मुलींची मेस. श्रावणी सोमवारची दुपार.)

आज मेसमध्ये उपवासाचं ताट आहे. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. मुली भूक लागल्यासारख्या जेवतायत. कोपऱ्यातल्या एकीसमोर मात्र ताकाचा पेला तेवढा आहे. वाढणाऱ्या काकू विचारतात, "शनिवार धरलास, आज सोमवार. अगं, खाणार कधी तू?" ती हसते. "ताक घेतलंय की, काकू."

विषय तिथंच संपतो. आपल्याकडे उपवासाला कुणी जाब विचारत नाही.

उपवास करणारी प्रत्येक मुलगी आजारी नसते. आपल्या आज्या जन्मभर एकादश्या करत आल्या आणि द्वादशीला पोटभर जेवत आल्या. खाण्याच्या आजारात मात्र उपवास सुटायची वेळ आली की छातीत धडधडतं. एक पोळी खाल्ली की अपराध केल्यासारखं वाटतं, दुसरी खाल्ली तर त्याची भरपाई करावीशी वाटते.

(दृश्य: हॉस्टेलची खोली. आरसा, मोबाइलवर सरकणारी रील्स.)

वैद्यकशास्त्राला हे नवं नाही. ॲनोरेक्सियाचं, म्हणजे वजन वाढण्याच्या धास्तीनं खाणं तोडत जाण्याच्या आजाराचं, वर्णन १८७३ साली लंडनचे डॉक्टर विल्यम गल आणि पॅरिसचे डॉक्टर लासेग यांनी केलं. बुलिमिया या दुसऱ्या आजाराला मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये नाव दिलं. बुलिमियात आवरता न येणारं खाणं होतं आणि मग ते शरीराबाहेर टाकायची धडपड. अशा मुलीचं वजन बहुतेकदा चारचौघींसारखंच असतं, म्हणून शेजारच्या कॉटवरच्या मैत्रिणीलाही पत्ता लागत नाही.

हे आजार बहुधा याच वयात डोकं वर काढतात, शाळेची शेवटची वर्षं आणि कॉलेजची पहिली. घर सुटलेलं असतं, ताटाकडे लक्ष ठेवणारं कुणी नसतं. त्याच्या आधीचं बरंच काही सोबत आलेलं असतं. लहानपणी "ढोली" म्हणून झालेली चिडवाचिडवी, सगळं अचूकच जमलं पाहिजे हा हट्ट, चिंता, नैराश्य. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचं जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसलं आहे. त्यामुळे आईच्या वळणाला दोष देऊन काही हाती लागत नाही. पण घरातलं बोलणं लागतं, हेही खरं. "आता स्थळं बघायची, जरा वजनाचं बघ" हे वाक्य किती घरांत सहज बोललं जातं!

कौतुकाची दिशा बदलली की काय होतं, हे पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांवर दिसलं. भरलेल्या अंगाचं तिथे कौतुक असे. १९९५ मध्ये एका भागात टीव्ही आला. वजन ताब्यात ठेवण्यासाठी उलटी करते, असं तेव्हा तिथल्या एकाही शाळकरी मुलीनं सांगितलं नव्हतं. तीनच वर्षांनी संशोधक ॲन बेकर यांच्या पाहणीत असं सांगणाऱ्या ११.३ टक्के होत्या.

(दृश्य: कृष्णधवल छायाचित्रं. मिनेसोटा विद्यापीठ.)

आणि उपासमार स्वतःच डोकं कसं बदलते? १९४४-४५ मध्ये अमेरिकी संशोधक अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना त्यांच्याच संमतीनं सहा महिने अर्धपोटी ठेवलं. वजन सुमारे पावपट घटलं. पण खरं पाहण्यासारखं होतं ते त्यांचं वागणं. ही माणसं पाककृतींची पुस्तकं जमवू लागली. एकेक घास लहान करून तासन्‌तास ताटावर बसू लागली. चिडचिडी झाली, एकलकोंडी झाली. बंधन उठल्यावर काहींना पोट भरल्याचं कळेचना. खाण्याचा कुठलाही आजार नसलेले पुरुष होते हे. म्हणून "दिवसभर खाण्याचाच विचार करते, नखरे आहेत" असं एखादीबद्दल म्हणताना थांबावं. तो विचार भूक करत असते. "जेव ना, एवढं काय त्यात" म्हणून हे सुटत नाही.

शरीर तर गप्प बसतच नाही. पाळी थांबते, केस गळतात, हाडं ठिसूळ होऊ लागतात. पाळी चुकली की आपल्याकडे चटकन पीसीओडी, म्हणजे पाळी बिघडवणारा अंडाशयाचा विकार, आठवतो आणि वजन कमी करायचा सल्ला मिळतो. आधीच उपाशी असलेल्या मुलीला हा सल्ला किती महागात पडेल! वारंवार उलट्या झाल्या की रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ॲनोरेक्सिया हा सर्वाधिक जीव घेणाऱ्या मानसिक आजारांपैकी एक आहे.

(दृश्य: दोन मैत्रिणी, हॉस्टेलच्या पायऱ्या.)

मैत्रिणीनं काय बोलावं? वजन, ताट, कॅलरी यांचं नाव काढू नये. "हल्ली तू गप्प असतेस, मला काळजी वाटते" एवढं पुरे. ती चिडेल, उडवून लावेल. चार दिवसांनी पुन्हा विचारा. चक्कर, छातीत धडधड किंवा बेशुद्धी असेल तर थेट दवाखान्यात न्या. बऱ्याच दिवसांच्या उपासानंतर एकदम भरपूर खायला घालणंही धोक्याचं असतं, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावं लागतं. उपचारात मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि घरची माणसं, तिघं लागतात. वेळ लागतो, पण मुली बऱ्या होतात. लवकर सुरुवात झाली तर अधिक चांगल्या.

मानसिक त्रासात फोनवर मदत देणारी सरकारची टेली मानस ही मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६. तिथे मराठीत बोलता येतं, रात्रीसुद्धा. आणि काय सांगायचं हे ठरलेलं नसलं, तरी फोन लावावा.