व्हिडिओ नेमका कुठे थांबवायचा

(पडद्यावर: स्टाफरूम, दुपारची वेळ. टेबलावर स्टीलचे तीन डबे एकावर एक, त्यांना टेकवून ठेवलेला मोबाइल.)

हे डबे दिसतायत ना, तो आजचा ट्रायपॉड. मॅडम एफवायबीकॉमला अकाउंट्स शिकवतात, तालुक्याच्या गावातलं कॉलेज, बावीस वर्षं झाली शिकवतायत, आणि त्यांचा घसाऱ्याचा म्हणजे डेप्रिसिएशनचा (मशीनसारख्या वस्तूची किंमत दरवर्षी किती घटली ते काढायचं) तास असला की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा वही उघडतात असं त्यांचे सहकारी सांगतात. आज हाच टॉपिक त्या मोबाइलसमोर शिकवणार आहेत, सहा मिनिटांत. पहिला टेक सुरू झाला आणि तिसऱ्या मिनिटाला मॅडम आपल्याआपणच थांबल्या. म्हणाल्या, "समोर कोणीच नाही हो, पोरांना कळतंय का नाही हे मला समजणार कसं?"

हा प्रश्न ज्यांना पडतो त्या शिक्षकांसाठी हा व्हिडिओ आहे.

25 मार्च 2020 ला देशभर लॉकडाऊन लागला आणि पुढच्या काही आठवड्यांत आपण सगळेच ऑनलाइन शिक्षक झालो, कोणाला काही विचारायला वेळच नव्हता. मीही तेव्हा शिकवत होतो. आम्हाला एक ट्रेनिंग मिळालं, दोन दिवसांचं, त्यात मीटिंगची लिंक कशी बनवायची, स्क्रीन कशी शेअर करायची, म्यूट कुठून करायचं, हजेरी कशी उतरवायची हे सगळं दाखवलं, शेवटी फॉर्म भरला, सर्टिफिकेट आलं. त्या दोन दिवसांत आम्हा कोणालाच पाच मिनिटंसुद्धा शिकवून दाखवायला सांगितलं नाही. मग काय, मी माझा पन्नास मिनिटांचा तास जसाच्या तसा लॅपटॉपसमोर घेतला, समोर काळे चौकोन आणि त्यात नावं, दर पाच मिनिटांनी "येतोय ना आवाज?" आणि उत्तर एकाच मुलीचं, "येस सर", रोज तीच. बाकीचे पंचावन्न जण काय करत होते हे मला आजही माहीत नाही, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

खरं तर आपल्याकडे हा प्रश्न नवा नव्हता. विद्यार्थी समोर नसताना शिकवायचं कसं यावर महाराष्ट्रात खूप आधीपासून काम झालंय.

(पडद्यावर: जुनी पाठ्यपुस्तकं, पानांवर पेन्सिलीच्या खुणा.)

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, 1989 साली सुरू झालं, पहिले कुलगुरू राम ताकवले. मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी म्हणजे दिवसा कामावर आणि रात्री पुस्तकासमोर एकटा, त्याला अडलं तर विचारायला शेजारी कोणी नाही. म्हणून अशा पुस्तकाला स्वयंअध्ययनाचं साहित्य म्हणतात, ते नुसतं माहिती देत नाही, वाचणाऱ्याशी बोलतं, थोडं सांगतं आणि मध्येच प्रश्न विचारतं, आता आपलं आपण करून बघा, मग पुढे चला. कागदावर हे करता येतं तर व्हिडिओत का नाही?

दुसरं काम झालं पवईत. आयआयटी मुंबईनं 'टेन थाउजंड टीचर्स' नावाचा मोठा उपक्रम चालवला, इंजिनीअरिंगच्या शिक्षकांसाठी, त्यात प्राध्यापक दीपक फाटक आणि कन्नन मौदगल्य ही महत्त्वाची नावं. लेक्चर मुंबईहून थेट प्रक्षेपित व्हायचं आणि देशभरातल्या कॉलेजांमधल्या रिमोट सेंटरवर शिक्षक जमून ते बघायचे. पण मला त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती वेगळीच. प्रत्येक सेंटरवर एक कोऑर्डिनेटर असायचा, त्याची तयारी मुख्य वर्कशॉपच्या आधी करून घेतलेली असायची, आणि प्रॅक्टिकल, ट्युटोरियल, अडलेलं सोडवणं हे तिथल्या तिथे तो बघायचा. म्हणजे स्क्रीन लांबची, पण माणूस जवळचा. आजही एखादं कॉलेज शिक्षकांना नुसती रेकॉर्डिंगची लिंक पाठवून "ट्रेनिंग करून घ्या" म्हणतं तेव्हा मला या कोऑर्डिनेटरची आठवण येते.

त्याच आयआयटीत सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर, समीर सहस्रबुद्धे आणि त्यांच्या टीमनं ऑनलाइन कोर्सचा एक साचा तयार केला, विद्यार्थ्याला मध्यभागी ठेवणारा, एलसीएम मॉडेल म्हणतात त्याला. त्याचे भाग चार आहेत, मी सगळे सांगत बसत नाही, पहिल्यावरच थांबतो कारण मॅडमचं उत्तर तिथे आहे. व्हिडिओला ते लेक्चर म्हणत नाहीत, लर्निंग डायलॉग म्हणतात, संवाद. आणि त्या संवादात एक जागा ठेवतात, रिफ्लेक्शन स्पॉट. तिथे शिक्षक सांगतो की व्हिडिओ थांबवा, हा प्रश्न वहीत सोडवा, मग प्ले करा. आणि प्ले केल्यावर शिक्षक नुसतं उत्तर देत नाही, तुम्ही काय काय लिहिलं असेल त्यावर बोलतो.

ऐकायला सोपं आहे, करायला भलतंच अवघड. कारण "काय लिहिलं असेल" हे आधी माहीत पाहिजे.

(पडद्यावर: मॅडम वहीत आकडे लिहितायत. क्लोजअप.)

इथेच मॅडमची बावीस वर्षं कामाला आली. आम्ही त्यांना कॅमेरा बाजूला ठेवायला सांगितला आणि एकच विचारलं, घसाऱ्यात पोरं नेमकी कुठे चुकतात? क्षणभरही विचार न करता त्यांनी वहीत लिहिलं. मशीन 50,000 रुपयांचं, घसारा 10 टक्के, रिड्युसिंग बॅलन्सने दुसऱ्या वर्षीचा घसारा किती? बरोबर उत्तर 4,500, कारण पहिल्या वर्षीचे 5,000 वजा होऊन 45,000 उरतात आणि 10 टक्के त्याचे काढायचे. मग त्यांनी खाली दोन आकडे लिहिले, 5,000 आणि 4,050, आणि म्हणाल्या, "पहिला आकडा लिहिणारं पोरगं अजून फिक्स्ड इन्स्टॉलमेंटमध्येच अडकलंय, मूळ किमतीवरच टक्के काढतंय. दुसरा आकडा लिहिणाऱ्याला पद्धत कळलीय, पण ते एक वर्ष पुढे गेलंय, तिसऱ्या वर्षाचं उत्तर लिहून मोकळं."

हे तीन आकडे म्हणजेच त्यांचा व्हिडिओ. पॉज कुठे टाकायचा आणि पॉजनंतर काय बोलायचं, दोन्ही ठरलं. हे कुठलं सॉफ्टवेअर शिकवत नाही, हे शिक्षकाकडेच असतं, वर्षानुवर्षं पेपर तपासून साठलेलं. म्हणून मला मनापासून वाटतं की ट्रेनिंगची सुरुवात लॅपटॉपपासून करूच नये, तपासलेल्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यापासून करावी.

आणि सुरुवातीचे दोन दिवस शिक्षकाला विद्यार्थी करून बसवावं, खरंच. छोट्या मोबाइलवर, अर्ध्या रेंजमध्ये, घरातली कामं चालू असताना कोणीतरी अनोळखी विषय चाळीस मिनिटं सलग वाचून दाखवतंय हे एकदा सोसलं ना, की आपण आपल्या स्लाइडवर पंधरा ओळी टाकत नाही.

सहा मिनिटंच का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. 2014 साली फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइटवरच्या कोर्सेसचा अभ्यास केला होता, जवळजवळ 69 लाख वेळा व्हिडिओ बघितले गेल्याच्या नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असो, लोकांचं बघणं साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नव्हतं. त्यातून अजून एक गोष्ट निघाली जी आपल्यासाठी मोठ्या दिलाशाची आहे, महागड्या स्टुडिओपेक्षा आपल्या टेबलाशी बसून समोरच्याशी बोलल्यासारखं केलेलं रेकॉर्डिंग लोकांना जास्त धरून ठेवू शकतं. आणि वर्गातला तास रेकॉर्ड करून नंतर त्याचे तुकडे पाडले तर तो परिणाम येत नाही, छोटं करायचं तर आधीच छोटं म्हणून ठरवावं लागतं.

तेव्हा स्टुडिओ नाही म्हणून कोणी अडून बसू नका. आवाज तेवढा सांभाळा. चित्र थोडं धूसर असलं तरी पोरं बघतात, पण आवाज घुमला की बंद करतात. पंखा बंद, खिडकी बंद, वायरवाल्या इअरफोनचा माइक शर्टला लावायचा, झालं. आणि फाइल हलकी ठेवा, घरात एकच मोबाइल आणि तो बाबांसोबत कामावर जातो अशी पोरं आपल्याच वर्गात आहेत, त्यांना रात्री डाउनलोड करून बघता आलं पाहिजे.

एक गोष्ट मात्र संस्थाचालकांना आणि प्राचार्यांना हात जोडून सांगायचीय. या सहा मिनिटांसाठी मॅडमचे पाच तास गेले, प्रश्न ठरवणं, लिहिणं, दोनदा शूट करणं, मग पोरांची उत्तरं बघून प्रत्येकाला दोन ओळी लिहिणं. ते तास वर्कलोडमध्ये धरा. आठवड्याचे सगळे तास घेऊन, पेपर तपासून, रात्री अकरानंतर कोणी चांगला कोर्स बनवू शकत नाही, आणि बनवला तरी दुसऱ्या वर्षी बनवणार नाही.

(पडद्यावर: दुसरा टेक. मॅडम मोबाइलकडे बघून बोलतायत.)

"पोरांनो, आता व्हिडिओ थांबवा. वहीत लिहा, दुसऱ्या वर्षीचा घसारा किती. मी इथेच आहे." आणि मॅडम खरंच गप्प बसल्या, दहा सेकंद, कॅमेऱ्याकडे बघत. या वेळी त्यांना माहीत होतं की समोर कोण आहे.

(पडद्यावर: रात्रीची वेळ, मॅडमचं घर. ग्रुपवर वह्यांचे फोटो येतायत.)

व्हिडिओ संध्याकाळी टाकला. पावणेदहापर्यंत एकोणीस फोटो आले. मॅडम एकेक मोठा करून बघतायत, एका फोटोवर त्या थांबल्या. वहीच्या पानावर 5,000 लिहून त्यावर काट मारलीय, खाली बारीक अक्षरात 45,000 आणि त्याच्याखाली 4,500, दोनदा अधोरेखित केलेलं. मॅडमनी मोबाइल आमच्याकडे वळवला. "हा बघा, यानं खोडलंय."