काजळलेल्या दगडांचं गाव, चार मिलिमीटरच्या मापात

[पडद्यावर: विटांची उंच भिंत, खाली कालवा, वर रूळ. गाडी दिसत नाही.]

आधी ही भिंत बघा. गाडी येईल नंतर, तिची घाई नाही.

इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायर आणि लँकेशायर जिथे एकमेकांना भिडतात तिथे टॉडमॉर्डन नावाचं गाव आहे आणि त्या गावात कालव्याच्या अगदी काठावर रेल्वेची ही रिटेनिंग वॉल, म्हणजे रुळांना आणि खालच्या मातीला धरून ठेवणारी भिंत, उभी आहे. गावकरी तिला ग्रेट वॉल ऑफ टॉड म्हणतात. आजूबाजूची घरं दगडाची, गिरण्या दगडाच्या, पूल दगडाचे आणि मधेच ही विटांची भिंत. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला कालवा, मधे जी काय चिंचोळी पट्टी उरली तिच्यावर रूळ टाकायचे म्हटल्यावर भिंत बांधणं आलंच.

उत्तर इंग्लंडच्या गावाचा मॉडेल रेल्वे लेआउट, म्हणजे छोट्या मापातलं गाव आणि त्यात धावणारी गाडी, करायचा तर तो अशा भिंतीपासून सुरू करावा, इंजिनापासून नाही, असं माझं ठाम मत आहे. बरेच जण आधी आवडीचं इंजिन घेतात, मग रूळ अंथरतात, मग जिथे जागा उरेल तिथे घरं ठेवतात, आणि मग सगळं छान रंगवूनही ते खरं वाटत नाही. कारण या गावांमध्ये झालं होतं बरोबर उलटं. गाव आधीच डोंगराच्या कुशीत दाटीवाटीने बसलेलं होतं आणि रेल्वेला त्यात अंग चोरून घुसावं लागलं.

कॉल्डर व्हॅली हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. दरी इतकी अरुंद की कॉल्डर नदी, रॉचडेल कालवा, रस्ता आणि रेल्वे चौघंही खांद्याला खांदा लावून चालतात. कालवा आला 1804 साली, पेनाइन डोंगररांग ओलांडणारा पहिला कालवा. त्यानंतर मँचेस्टर अँड लीड्स रेल्वे, जॉर्ज स्टीफन्सनच्या देखरेखीखाली, 1841 साली ही लाइन पूर्ण झाली. वाटेत समिट बोगदा, साधारण 2.6 किलोमीटर, सुरू झाला तेव्हा जगातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा होता तो. आणि टॉडमॉर्डनचा टाउन हॉल तर असा की दोन परगण्यांची हद्द 1888 पर्यंत थेट त्या इमारतीतून जात होती, म्हणजे अर्धी इमारत लँकेशायरमध्ये आणि अर्धी यॉर्कशायरमध्ये!

[पडद्यावर: जुना नकाशा, त्यावर पेन्सिलीने आखलेला चौकोन.]

आता माप. ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त चालतो तो ओओ गेज. यात खऱ्या एका फुटाचे चार मिलिमीटर होतात, स्केल साधारण 1:76. गंमत म्हणजे रुळांमधलं अंतर मात्र 16.5 मिलिमीटर, ते या स्केलला कमी पडतं, खऱ्या मापात सांगायचं तर रूळ सुमारे सात इंचांनी अरुंद दिसतात. ज्यांना हे खटकतं ते ईएम गेजला 18.2 किंवा पी4 ला 18.83 मिलिमीटरवर काम करतात, स्वतः रूळ बांधतात, चाकं बदलतात, प्रचंड चिकाटीचं काम आहे. माझ्या मते गावाचं मॉडेल करणाऱ्याने ओओमध्ये राहिलं तरी चालतं, रूळ अर्धे गवतात आणि काळ्या बॅलास्टमध्ये, म्हणजे रुळांखालच्या खडीत, बुडालेले असले की नजर तिथे अडकत नाही.

चार मिलिमीटर ऐकायला छोटं वाटतं, पण हिशोब केला की कळतं. एक मैल म्हणजे 21 मीटर. समिट बोगदा पूर्ण करायचा तर जवळजवळ 35 मीटर. ब्रॅडफर्डच्या लिस्टर मिलची चिमणी 249 फूट, ती मापात केली तर एक मीटर उंच, टेबलावर ठेवली तर खोलीच्या छतापाशी पोचेल! म्हणून सगळं आकसून घ्यावं लागतं आणि खरं कौशल्य यात आहे की काय आकसायचं आणि काय नाही. चिमणी थोडी बुटकी चालते, गिरणीच्या खिडक्यांच्या दहा ओळींऐवजी सहा चालतात. पण दरवाजा आकसता येत नाही. दरवाजा 26 मिलिमीटर म्हणजे 26 मिलिमीटरच, कारण शेजारी माणूस उभा आहे. बोगद्याचं तर फक्त तोंड करायचं, आणि त्याच्या मागे, प्रेक्षकांना दिसणार नाही अशा ठिकाणी फिडल यार्ड, जिथे गाड्या थांबतात आणि पुन्हा निघतात. कॉल्डर व्हॅलीत दोन्ही टोकांना बोगदा दाखवला तरी कोणी खोटं म्हणणार नाही, तिथे बोगदे आहेतच भरपूर.

नकाशांची काळजी करू नका. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा खात्याचे जुने 25 इंची, म्हणजे एका मैलाला साधारण 25 इंच दाखवणारे नकाशे नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर फुकट बघता येतात, त्यात एकेक घर, एकेक सायडिंग म्हणजे बाजूचा रूळ, कुठे गॅसची टाकी होती, कुठे चॅपेल होतं, सगळं आखलेलं आहे. आणि फक्त फोटो असेल, माप नसेल, तर विटा मोजा. चार थर म्हणजे साधारण एक फूट. म्हणजे ओओमध्ये विटेचा एक थर एक मिलिमीटर! इतका सोपा हिशोब दुसऱ्या कुठल्या स्केलमध्ये नाही.

विटांवरून आठवलं, लँकेशायरच्या बाजूला लाल विटांचं गाव करणार असाल तर विटांची रचना नीट बघा. उत्तरेत जिकडेतिकडे दिसतो तो इंग्लिश गार्डन वॉल बाँड, म्हणजे तीन किंवा पाच थर लांब बाजू बाहेर ठेवून आणि मग एक थर विटेचं डोकं बाहेर ठेवून. दुकानातल्या सगळ्याच प्लॅस्टिकच्या शीटवर ही रचना नसते. लांबून कोणाला कळणार असं म्हणतात लोक, पण कळतं हो, काय चुकलंय ते सांगता येत नाही पण भिंत दक्षिणेकडची वाटायला लागते.

[पडद्यावर: मातीच्या पातळ थरावर सुईने कोरला जाणारा दगड.]

आता दगड, हा माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. फोमकोअरची, म्हणजे मधे फोम असलेल्या कागदी बोर्डाची, भिंत कापायची, तिच्यावर फेविकॉलसारखा पांढरा गोंद लावायचा, आणि हवेत वाळणारी डास (DAS) ब्रँडची माती मिलिमीटर दीड मिलिमीटर जाडीने पसरायची. वाळली की सुईने एकेक दगड कोरायचा. हो, एकेक. एका गिरणीच्या भिंतीला अनेक संध्याकाळी जातात, पण छापील शीटला जे कधीच जमत नाही ते यात होतं, कोपऱ्यावरचे मोठे दगड, खिडकीखालची सलग पट्टी, मधेच एखादा तिरका बसलेला दगड, सगळं हातातून उतरतं.

आणि मग रंग. इथेच लेआउट जगतो किंवा मरतो. तिथला दगड म्हणजे मिलस्टोन ग्रिट, खाणीतून निघतो तेव्हा मधाच्या रंगाचा असतो. पण शंभर सव्वाशे वर्षं गिरण्यांचा, घरांचा आणि इंजिनांचा धूर खाऊन तो काळा पडला. चुनखडीचा दगड पावसाने झिजतो म्हणून पाऊस लागतो तिथे तो पांढरा राहतो, पण हा वालुकामय दगड काजळी धरून ठेवतो, पाऊस लागो न लागो, पूर्ण भिंत काळी. म्हणून काळ्या भिंतीवर पावसाचे पांढरे ओघळ काढू नका, ते दुसऱ्या दगडाचं लक्षण. नुसता काळा रंगही फासायचा नाही, मॉडेलवर तो भोक पडल्यासारखा दिसतो. गडद राखाडी, त्यात तपकिरी, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर किंचित फिकट, आणि शेवटी पावडरची काजळी.

साल कुठलं हे ठरवल्याशिवाय हा रंग ठरतच नाही. धुरावर बंधनं घालणारा क्लीन एअर ॲक्ट आला 1956 मध्ये, पण धूर थांबला म्हणून भिंती धुतल्या गेल्या नाहीत. सत्तर ऐंशीच्या दशकात इमारती साफ होऊ लागल्या, तेव्हा एक इमारत मधाळ आणि शेजारची काळी कुळकुळीत असं दृश्य होतं. ऐंशीचं दशक ज्यांना आवडतं त्यांनी हेच दाखवावं. सायमन जॉर्ज यांचा हीटन लॉज जंक्शनचा लेआउट त्याच काळातला आहे, मर्फील्डजवळचा, याच कॉल्डर नदीच्या खालच्या अंगाला. मोठ्या ओ गेजमध्ये, साधारण 60 मीटर लांब! लहानपणी ते जिथे बसून गाड्या बघायचे तीच जागा त्यांनी बांधली. त्यात गाड्यांइतकीच नजर रुळाशेजारच्या रानावर आणि झुडपांवर जाते, म्हणून तो मला इतका आवडतो.

मी स्वतः 1964 च्या आसपासचा काळ निवडेन. तेव्हा वाफ आणि डिझेल एकाच फलाटावर दिसायचे. कॉल्डर व्हॅलीसाठीच बनवलेली क्लास 110 ही तीन डब्यांची डिझेल गाडी 1961 पासून आली, ओओमध्ये पाऊण मीटरच्या आत बसते, छोट्या लेआउटला अगदी सोयीची. आणि कोळशाच्या वाघिणी ओढणारी डब्ल्यूडी इंजिनं, युद्धाच्या काळात घाईघाईने बांधलेली 935 इंजिनं, कधी पुसली न गेलेली, चालताना खणखणणारी. ही इंजिनं बांधणाऱ्या दोन कारखान्यांपैकी एक लँकेशायरमधली व्हल्कन फाउंड्री. आपल्याला हे नाव परकं नाही, 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली तिची इंजिनं तिथलीच होती. आणि ओल्डमच्या प्लॅट ब्रदर्सची यंत्रं मुंबईच्या गिरण्यांमध्ये धडधडत होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापूस बंद झाला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मुंबईच्या बंदरातून गेला. त्यामुळे हे गाव बांधताना मला ते फार लांबचं वाटत नाही.

त्याच कारणाने एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. साठच्या दशकात ब्रॅडफर्ड, हॅलिफॅक्सच्या गिरण्यांमध्ये रात्रपाळीला मीरपूर आणि पंजाबकडून आलेली माणसं कामाला होती. 1964 चं गाव करताना ती माणसं रस्त्यावर दिसली पाहिजेत, कोट घालून, डबा घेऊन, संध्याकाळी गिरणीच्या फाटकाकडे निघालेली. तयार फिगर नाही मिळाल्या तर असलेल्या फिगरचे रंग बदला, पगडी मातीची करा. ती नसतील तर इतिहासच अर्धा राहतो.

[पडद्यावर: उतारावरची घरांची रांग, ढगाळ उजेड.]

घरांबद्दल. हेब्डन ब्रिजला जागाच नव्हती म्हणून घरावर घर बांधलं, खालच्या घराचा दरवाजा खालच्या गल्लीत, वरच्या घराचा दरवाजा मागच्या बाजूला वरच्या गल्लीत. समोरून चार मजले, मागून दोनच. हे मॉडेलमध्ये करायचं तर आधी जमीन उतरती हवी, सपाट प्लायवूडवर ते शक्यच नाही. म्हणून बेसबोर्ड, म्हणजे लेआउटखालचा पाया, बनवतानाच रुळांची पातळी मधे धरा, कालवा तिच्या खाली, गाव वर. जुनी दगडी छपरं कराल तर लक्षात ठेवा, दगडाच्या फरश्या खाली वळचणीला मोठ्या आणि वर जाताना लहान होत जातात.

बॅकसीनला, म्हणजे मागच्या रंगवलेल्या पडद्याला, निळं आकाश नको. फिकट राखाडी, त्यात डोंगराची पुसट कड, आणि वरून सगळीकडे सारखा पडणारा एलईडीचा उजेड. कडक सावली पडली की यॉर्कशायर गेलं.

वायरिंग, डीसीसी म्हणजे गाड्यांचं डिजिटल नियंत्रण, आवाजाच्या चिप यावर भरपूर व्हिडिओ आहेत, ते तिथे बघा. पुण्यात असाल तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम नक्की बघा, विषय वेगळा आहे पण चालता लेआउट समोर बघून जे कळतं ते फोटोत कळत नाही.

आणि सुरुवात करायची तर आख्खं गाव नको, एक रांग करा. तिथलं कामगाराचं घर साधारण 15 फूट रुंद धरलं तर मापात सहा सेंटिमीटर, पाच घरं म्हणजे 30 सेंटिमीटर. उतारावर, प्रत्येक घर शेजारच्यापेक्षा थोडं खाली. दोन घरांमध्ये एक धुराडं, त्यावर जितक्या शेगड्या तितकी मातीची नळकांडी. मागे अरुंद गल्ली, गल्लीत दोरीवर वाळत घातलेले कपडे, आणि गल्लीच्या शेवटी ती भिंत, रुळांना धरून ठेवणारी.