गच्चीवरचा कीस, फ्रीझरमधला कीस

श्रोतेहो, नमस्कार.

होळी आटोपली आणि जळगाव-भुसावळकडचे ऊन तापू लागले, की आपल्या खान्देशातल्या घरोघरच्या गच्च्यांवर धुतलेली जुनी धोतरे आणि सुती साड्या अंथरल्या जातात, आणि त्यांवर कुरडया, बिबडे, पापड यांच्या रांगा लागतात. या वाळवणात बटाट्याच्या किसाचा दिवस हमखास असतो. बटाटे अर्धेकच्चे उकडायचे, गार करायचे, जाड भोकांच्या किसणीने थेट कापडावर किसायचे आणि दोन दिवसांत खडखडीत वाळवून डब्यात भरायचे, ही माझ्या सासूबाईंची पद्धत. काही घरांत कच्चाच बटाटा पाण्यात किसून, धुऊन, तुरटीच्या उकळत्या पाण्यातून काढून वाळवतात. यांपैकी कोणतीही एक रीत ज्या हातांना ठाऊक आहे, त्या हातांना आज मी सांगणार आहे तो पदार्थ जवळजवळ येतोच. फक्त शेवटच्या पायरीला उन्हाऐवजी फ्रीझर आहे.

त्या पदार्थाचे नाव हॅश ब्राऊन. किसलेल्या बटाट्याची चपटी टिक्की, थोड्या तेलावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेत न्याहारीला ती खाल्ली जाते, आणि आता आपल्याकडच्या शहरांतही तिची गोठवलेली पाकिटे मिळतात. तिला आपली आलू टिक्की समजू नये, कारण टिक्कीत बटाटा कुस्करलेला असतो, तर येथे किसाचा धागा न् धागा सुटा दिसला पाहिजे. एका रविवारी दोन तास दिले, तर पुढच्या दोन-तीन आठवड्यांच्या न्याहारीचा मोठा भाग उरकतो, आणि सकाळी सातच्या शाळेचा डबा भरणाऱ्या घरात दोन तास ही फार मोठी किंमत नव्हे.

सगळ्यांत आधी बटाट्याविषयी बोलले पाहिजे, कारण पुढचे यश निम्म्याहून अधिक त्यावरच अवलंबून असते. आपल्या बाजारात इंदूरकडचा, गुजरातेतल्या डीसाकडचा आणि आग्र्याकडचा बटाटा येतो. हे रब्बीचे पीक साधारण जानेवारी ते मार्च या काळात निघते. त्यातला काही माल लगेच बाजारात उतरतो आणि उरलेला शीतगृहात जाऊन पुढे दिवाळीपर्यंत थोडा थोडा बाहेर येत राहतो. काढलेला बटाटा हा जिवंत कंद आहे. त्याला 2 ते 4 अंश तापमानात ठेवले, की त्यातील पिष्टाची हळूहळू साखर होऊ लागते. पावसाळ्यात आणलेला बटाटा भाजीतही गोडसर लागतो, अशी तक्रार आपण सगळ्याच जणी करतो, तिचे कारण हे. असा गोड बटाटा तेलात पडला, की आतून शिजण्याच्या आधीच बाहेरून काळपट होतो. म्हणून हॅश ब्राऊनसाठी फेब्रुवारी ते एप्रिल या काळातला, साल पक्की झालेला बटाटा घ्यावा, आणि कच्चा बटाटा घरच्या फ्रिजमध्ये कधीही ठेवू नये. काळोख्या, हवेशीर टोपलीतच तो बरा. हिरवट पडलेले आणि फार मोड आलेले बटाटे तर कोणत्याच पदार्थाला घेऊ नयेत.

बटाटा पिठूळ आहे की चिकट, हे दुकानात डोळ्यांनी ओळखणे कठीण असते; पण घरी एक सोपी परीक्षा करता येते. 11 वाट्या पाण्यात 1 वाटी मीठ विरघळवावे आणि त्यात बटाटा सोडावा. बुडाला तर त्यात पिष्ट अधिक आणि पाणी कमी, म्हणजे तो आपल्या कामाचा. तरंगला तर तो रस्साभाजीला ठेवावा. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने ‘कुफरी चिप्सोना’ नावाचे वाण काढले आहेत, ते तळणासाठीच निवडलेले, पिष्ट जास्त आणि साखर कमी असलेले. ओळखीच्या व्यापाऱ्याकडे वेफर्सचा बटाटा म्हणून मागितला, तर बहुधा या जातीचा माल हाती येतो.

आता कृती. मध्यम आकाराचे, शक्यतो सारखे, असे 1 किलो बटाटे सालासकट धुऊन पातेल्यात बुडतील एवढ्या पाण्यात ठेवावेत आणि उकळी आल्यावर साधारण 10 मिनिटांनी उतरवावेत. सुरी वरच्या थरात सहज शिरली पाहिजे आणि मध्याशी अडली पाहिजे, ही खूण. कुकरच्या भानगडीत पडू नये. एकच शिट्टी होऊ देऊ म्हणता म्हणता बटाटा फुटतो आणि मग किसणीतून कीस न पडता लगदा पडतो. अर्धेकच्चे बटाटे पाणी काढून पसरून ठेवावेत, आणि वाफ पूर्ण गेली की झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावेत. आत्ताच फ्रिजला मनाई केली आणि आता त्यातच ठेवायला सांगते, असे कोणी म्हणेल. परंतु साखर होण्याची क्रिया कच्च्या, जिवंत बटाट्यात घडते; उकडताना ती थांबते. उलट शिजलेले पिष्ट गार होताना घट्ट बसते, आणि त्यामुळेच दुसऱ्या दिवशी कीस लांब, सुटा आणि न तुटणारा पडतो. ही एक रात्र वाचवण्याचा मोह मी अनेकदा केला आहे आणि दर वेळी पस्तावले आहे.

सकाळी साले काढून जाड किसणीने किसावे, आणि कीस स्वच्छ पंचात घेऊन अलगद दाबावा. बटाट्यात वजनाच्या पाऊणाहून अधिक पाणी असते, आणि गच्चीवरच्या किसाचा काय किंवा या किसाचा काय, सगळा खटाटोप त्या पाण्याशीच आहे. गच्चीवर ऊन ते उडवून लावते. फ्रीझरमध्ये मात्र ते आतच राहते आणि त्याचा बर्फ होतो. बर्फाचे कण जेवढे मोठे, तेवढ्या बटाट्याच्या पेशी अधिक फुटतात, आणि तव्यावर पडताच त्यांतून पाणी सुटून टिक्की मऊ, ओलसर होते. म्हणून पाणी आधीच कमी करायचे आणि उरलेले शक्य तितक्या लवकर गोठवायचे. कच्चा बटाटा वापरणाऱ्यांनी कीस दोन-तीन पाण्यांनी धुऊन, उकळत्या पाण्यात 2 ते 3 मिनिटे ठेवून, लगेच गार पाण्यात टाकून मग पिळावा. हे उकळणे टाळले, तर कीस काळा करणारी विकरे फ्रीझरमध्येही आपले काम चालू ठेवतात. किसाच्या धुण्याच्या पाण्याच्या तळाशी जे पांढरे सत्त्व बसते, ते टाकू नये, पुन्हा त्याच किसात मिसळावे, कारण टिक्की त्यानेच बांधली जाते.

पिळलेल्या किसात दोन मोठे चमचे तांदळाचे पीठ आणि थोडी मिरपूड घालून हलक्या हाताने कालवावे. मळू नये. मीठ आत्ता घालू नये, कारण मीठ पडले की पुन्हा पाणी सुटते. कांदा आणि कोथिंबीर यांचेही तेच. ती हवीच असतील तर खाताना वरून घ्यावीत. एका किलोच्या साधारण 12 टिक्क्या होतात, अर्धा इंच जाडीच्या, त्याहून जाड नकोत.

पहिल्या वर्षी मी या 12 टिक्क्या एकावर एक रचून पिशवीत घातल्या आणि पिशवी फ्रीझरमध्ये ढकलली. आठवड्याने बाहेर आली ती एक वीट. ती सुटी करताना सुरीचे टोक वाकले, आणि शेवटी तिचा उपयोग थालिपिठाच्या पिठात झाला. तेव्हापासून ताटाला तेलाचे बोट लावून किंवा बटर पेपर अंथरून टिक्क्या एकमेकींना न चिकटतील अशा मांडते, ते ताट उघडेच चार-पाच तास फ्रीझरमध्ये ठेवते, आणि टिक्क्या दगडासारख्या वाजू लागल्या की मगच, आतली हवा दाबून काढलेल्या पिशवीत भरते. पिशवीवर तारीख लिहिते. तारीख न लिहिलेली पिशवी घरातले कोणी उघडत नाही, हाही अनुभव आहे.

किती दिवस टिकतील, हे तुमच्या फ्रीझरवर ठरते. उणे 18 अंश राखणारा फ्रीझर असेल, तर तीन महिने चव आणि पोत चांगले राहतात. एकदारी फ्रिजचा वरचा लहान कप्पा, जो दिवसातून दहा वेळा बर्फासाठी उघडला जातो, तेवढा थंड बहुधा राहत नाही. त्यातला माल दोन आठवड्यांत संपवावा. मे महिन्यात दुपारची वीज गेली, तर फ्रिजचे दार उघडून पाहण्याचा मोह आवरावा. टिक्क्या वितळून मऊ पडल्याच, तर त्या पुन्हा गोठवू नयेत. अजून थंडगार असतील तर त्याच दिवशी भाजून खाव्यात, आणि कोमट लागल्या तर सरळ टाकून द्याव्यात.

न्याहारीच्या वेळी टिक्की बाहेर काढून वितळवत बसायचे नाही. वर साचलेला बर्फाचा भुगा झटकावा, नाहीतर तेल अंगावर उडते. बिडाच्या तव्यावर शेंगदाण्याचे दोन चमचे तेल तापवून गोठलेली टिक्की थेट त्यावर ठेवावी आणि मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटे तिला हात लावू नये. मग उलटून दुसरी बाजू चार-पाच मिनिटे भाजावी आणि मीठ वरून भुरभुरावे. रंग सोनेरी झाला की पुरे. पिष्टमय पदार्थ जास्त आचेवर करपू लागले, की त्यांत अ‍ॅक्रिलामाइड नावाचे नकोसे द्रव्य अधिक तयार होते, हे 2002 साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले; गोड झालेल्या बटाट्यात ते आणखी वाढते. बरोबर परदेशी सॉस हवाच असे नाही. हिरव्या मिरचीचा आणि शेंगदाण्याचा ठेचा आणि वाटीभर दही असले, की आमच्या घरी दुसरे काही कोणी मागत नाही.

उपवासासाठी याच टिक्क्या वेगळ्या पिशवीत कराव्यात. तांदळाच्या पिठाऐवजी वरईचे किंवा साबुदाण्याचे पीठ घालावे, मिरपुडीच्या जागी जिरे आणि वाटलेली हिरवी मिरची चालते, आणि भाजताना सैंधव वापरावे. आषाढी एकादशी येते, तेव्हा बाजारातला बटाटा शीतगृहातला, गोड झालेला असतो. पण एप्रिलच्या शेवटी भरलेली पिशवी उणे 18 अंशांत असेल, तर त्या सकाळी तव्यावर नव्या पिकाचाच बटाटा पडतो.

नमस्कार.