पदकाला जागा हवी आहे

नमस्कार श्रोतेहो. वॉशिंग्टनला जाऊन आलेल्या कुणाच्याही मोबाइलमध्ये एक फोटो हमखास असतो. मागे लिंकन स्मारकाचे पांढरे खांब, समोर लांबलचक तळं आणि दोन्ही अंगांना मोकळी हिरवळ. आज मी त्या हिरवळीबद्दल आणि तिथं जागा मागणाऱ्या एका शौर्यपदकाच्या स्मारकाबद्दल बोलणार आहे. तिथं स्मारकाचा साधा दगड बसवायचा, तर अमेरिकेच्या काँग्रेसला, म्हणजे संसदेला, कायदा करावा लागतो. बऱ्याचदा एकानं भागत नाही, दोन लागतात.

1986 च्या कायद्यानं ही शिस्त लावली. स्मारकाला काँग्रेसची मंजुरी हवी. बांधकामाच्या खर्चाच्या 10 टक्के रक्कम देखभालीसाठी आधीच जमा करायची. युद्धाचं स्मारक असेल तर युद्ध संपून 10 वर्षं व्हायला हवीत. माणसाचं असेल तर तो जाऊन 25 वर्षं. (आपल्याकडचे चौक आठवले की या शेवटच्या अटीचा मला हेवाच वाटतो.) पुढे 2003 मध्ये काँग्रेसनं आणखी एक पाऊल टाकलं. संसद भवनापासून लिंकन स्मारकापर्यंतच्या मधल्या पट्ट्याला ‘रिझर्व्ह’ म्हटलं आणि सांगितलं, इथलं काम आता पुरं झालं, नवं काही नको.

नियम काँग्रेसचा, आणि त्यातून वाट काढणारीही काँग्रेसच. दहशतवादाविरुद्धच्या युद्धाचं स्मारक तर ते युद्ध चालू असतानाच, 10 वर्षांची अट बाजूला ठेवून मंजूर झालं. 2021 मध्ये त्याला रिझर्व्हमध्ये जागाही मिळाली.

त्याच 2021 च्या डिसेंबरात ‘मेडल ऑफ ऑनर’च्या राष्ट्रीय स्मारकाचा कायदा झाला. हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक. आपल्याकडे परमवीरचक्र, तसं तिकडे हे. स्मारकाला परवानगी मिळाली, खर्च देणग्यांतून करायचा हेही ठरलं, पण रिझर्व्हचं दार बंदच होतं. म्हणून दुसरं विधेयक आलं, केवळ जागेसाठी. त्याला नाव दिलं हेच पदक मिळालेल्या एका सैनिकाचं, हर्शेल ‘वुडी’ विल्यम्स यांचं. मागणी लिंकन स्मारकाजवळच्या जागेची, आणि त्यामागचं कारण मला पटतं. हे पदक अमेरिकेच्या यादवी युद्धात, लिंकन यांच्याच सहीनं सुरू झालं. 1861 मध्ये नौदलासाठी, 1862 मध्ये भूदलासाठी. शिवाय हे एका युद्धाचं स्मारक नाही. हिरवळीवर आणखी एक बांधकाम नको म्हणणाऱ्यांची बाजूही खोटी नाही, पण अपवाद करायचाच असेल तर तो इथं करावा.

जागेचं काहीही होवो, मला खरा प्रश्न वाटतो तो स्मारकावर कोरायच्या नावांचा. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात परमयोद्धा स्थळी 21 अर्धपुतळे आहेत. आमच्या बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या पलटणीचे, रामा राघोबा राणे त्यात आहेत. 21 माणसांपुढे क्षणभर थांबता येतं. अमेरिकेत हे पदक साडेतीन हजारांहून जास्त जणांना मिळालंय, आणि सगळ्यांची कहाणी सारखी नाही.

त्याच यादवी युद्धात, 1863 च्या जूनमध्ये, मेन राज्याच्या 27 व्या रेजिमेंटची नोकरीची मुदत संपत आली होती आणि राजधानीवर हल्ल्याची भीती होती. जे थोडे दिवस जास्त थांबतील त्यांना पदक, असं कबूल केलं गेलं. थांबले साधारण तीनशे. पण याद्यांचा घोळ झाला आणि पदकं तयार झाली 864. पुढे 1917 मध्ये फेरतपासणी होऊन एकूण 911 नावं काढली गेली, त्यात ही सगळी होती. त्याच झाडणीत डॉक्टर मेरी वॉकर यांचंही नाव गेलं. युद्धात जखमींवर उपचार केलेल्या, शत्रूच्या कैदेत राहिलेल्या बाई. त्यांनी पदक परत केलं नाही. 1919 मध्ये वारल्या तोवर त्या ते लावत राहिल्या. 1977 मध्ये ते त्यांना रीतसर परत मिळालं. आजही हे पदक मिळालेली बाई ती एकच. आणि वुंडेड नी? 1890 मध्ये तिथं लाकोटा या मूळनिवासी लोकांची, बायकामुलांसकट, कत्तल झाली. त्या कारवाईतल्या सैनिकांनाही पदकं दिली गेली. त्यांची नावं दगडावर कोरायची का?

आता वुडी विल्यम्स. 23 फेब्रुवारी 1945, जपानचं इवो जिमा बेट. डोंगरावर झेंडा रोवतानाचा तो प्रसिद्ध फोटो त्याच दिवशीचा. खाली हा एकवीस वर्षांचा मुलगा पाठीवर तीसेक किलोचा फ्लेमथ्रोअर, म्हणजे आग फेकणारं हत्यार, घेऊन जपानी बंकरकडे सरपटत होता. टाकी रिकामी झाली की मागे यायचं, भरलेली घ्यायची, पुन्हा पुढे. असे चार तास. विल्यम्स 2022 मध्ये, 98 व्या वर्षी गेले. दुसऱ्या महायुद्धातले हे पदक मिळालेले ते शेवटचे हयात सैनिक. ते नेहमी सांगत, हे पदक माझं नाही, मी नुसता राखणदार. त्या चार तासांत चार रायफलवाले त्यांना आडोसा देत होते. त्यातले दोघे तिथंच पडले. विल्यम्सना त्यांची नावं कळायला कित्येक वर्षं गेली. त्या दोघांना हे पदक मिळालेलं नाही.