हाफ तिकीट आणि लिंबू

नमस्कार मंडळी. मी कराडची. प्रवासावर बोलायला मला बोलावलंय म्हटल्यावर आमच्या घरी सगळे हसले, कारण मला गाडी लागते. लागायची म्हणा. लहानपणी मामाच्या गावाला निघालो की आई आधी प्लॅस्टिकची पिशवी घ्यायची, मग लिंबू, मग आवळासुपारी, आणि एवढं करून उंब्रज यायच्या आत माझं... असो, कुणी जेवत असेल.

लग्नानंतरही तेच. लग्नकार्य नाहीतर देवदर्शन, तेवढ्यापुरतं जायचं, तेसुद्धा डोळे गच्च मिटून. पन्नाशी अशीच गाठली.

मग २०२३ ला १७ मार्चपासून एसटीत बायकांना हाफ तिकीट झालं. आता खरं सांगू का, मला काही निसर्गाची ओढ वगैरे लागली नव्हती, अर्ध्या पैशात मिळतंय ते सोडायचं कसं, एवढंच. शेजारणीबरोबर गुहागरला जायचं ठरलं, आयत्या वेळी तिच्या नातवाला ताप आला, आणि डबा बांधून झालेला, पिशवी भरलेली, म्हटलं आता परत काय जायचं, बसले एकटीच चिपळूणच्या गाडीत. पाटण यायच्या आधीच मी लिंबू नाकाला लावून डोळे मिटलेले. कंडक्टर पोरगा तिकीट फाडता फाडता म्हणाला, "मावशी, डोळे उघडा की. मोबाईल ठेवा आत आणि पुढच्या काचेतून लांब डोंगराकडं बघत बसा."

तुम्हाला खोटं वाटेल, पण पोटातलं ढवळणं थांबलं! पन्नास वर्षं जो तो मला मिट म्हणत होता, उघड म्हणणारा हा पहिलाच.

आणि मग बघतच बसले. शेजारी एक आजोबा होते, पंच्याहत्तरीच्या पुढचे, म्हणजे त्यांचं तिकीट फुकटच, ते कोयनानगरला उतरायचे होते. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट सांगत होते, भूकंपाची. घर कसं पडलं ते नाही सांगितलं, म्हशीनं रात्रभर दावं ओढलं होतं आणि मी उठून तिलाच शिव्या दिल्या, एवढंच दोनदा सांगितलं आणि उतरून गेले. शाळेत आम्हाला या भूकंपावर दोन मार्कांचा प्रश्न असायचा.

पुढं हेळवाकनंतर कुंभार्ली घाट. तो उतरलो की खाली पोफळी. आता बघा, मी कराडची म्हणजे कोयना आमच्या घरची, प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि तिथनं पूर्वेला जाते हे मला पाठ. पण धरणातलं बरंचसं पाणी बोगद्यातून उलटं पश्चिमेला नेतात, खाली वीज करतात आणि ते वाशिष्ठीत सोडतात, हे मला मागच्या सीटवरच्या एका वायरमननं सांगितलं. ती वाशिष्ठी चिपळूणवरनं जाते आणि दाभोळच्या खाडीत समुद्राला मिळते. मग मात्र मला ती खाडी बघायचीच होती.

गुहागरला व्याडेश्वराला हात जोडले आणि धोपाव्याची गाडी पकडली. धोपाव्याहून पलीकडं दाभोळला फेरीबोट जाते, मोटारी, मोटरसायकली, माणसं, सगळं एकात. रस्त्यानं जायचं तर पार चिपळूणवरनं वळसा. हो, आणि नव्वदच्या दशकात पेपरात रोज एन्रॉनचा, विजेचा 'दाभोळ प्रकल्प' वाचायचो ना आपण, तो दाभोळला नाहीच! खाडीच्या अलीकडं, गुहागर तालुक्यात आहे, अंजनवेल-वेलदूरला.

बोटीत कठड्याला टेकून मी खालचं पाणी बघत होते. आमच्या कोयनेचं, खारट झालेलं. एकदा गेले, परत आले, परत गेले. शेवटची बोट बरोबर धरली, पण गुहागरला परत जायची एसटी कधी आहे हे विचारायचं राहिलंच. चूक सगळी माझी. धोपाव्याच्या स्टॉपवर अंधार पडला. मासळीची रिकामी पाटी घेऊन चाललेली एक बाई थांबली, म्हणाली, "गाडी गेली बाय आता," आणि माझी पिशवी उचलून चालायलाच लागली.

घरात मासे शिजत होते. माझ्या गळ्यातली माळ तिनं बघितली आणि काही न बोलता दुसरी चूल पेटवली. कुळथाची पिठी, गरम भात, वर खोबरं. मी तीनदा म्हटलं, अहो कशाला, मी डबा आणलाय की. डब्यातली चपाती सकाळची, वाळून चामडं झालेली. सकाळी निघताना मी दोनशे रुपये पुढं केले. तिनं नोटांकडं बघितलं, कपबशा उचलल्या आणि आत गेली ती बाहेर आलीच नाही. मला इतकी लाज वाटली. घरात आल्यागेल्याला वाढायची सवय, कुणी आपल्याला वाढलं तर निमूट जेवायचं, हे मला येतच नव्हतं.

त्यानंतर मी पुष्कळ फिरले. औदुंबर, पन्हाळा, हर्णै, एकदा थेट वणी. मालक म्हणतात, तुझ्यापेक्षा डेपोतला कंट्रोलर घरी जास्त असतो.

लिंबू अजून पर्समध्ये असतं. परवा कुंभार्लीत एक पोरगं हिरवं-पिवळं झालेलं, आई त्याला म्हणतीये डोळे मीट, डोळे मीट. मी लिंबू दिलं आणि म्हटलं, बाळा, तो लांबचा डोंगर बघ. तिनं लिंबू घेतलं, थँक्यू वगैरे काही म्हणाली नाही, परत पण दिलं नाही. मला बरंच वाटलं.