डोसा कालपासून सुरू होतो

आमच्या स्टेशनसमोरचं उडपी हॉटेल २०२०च्या टाळेबंदीत बंद झालं, ते पुन्हा उघडलंच नाही. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो, तीस-बत्तीस वर्षं रोज सकाळी त्या हॉटेलात जायचे. लोकल पकडायच्या आधी एक साधा डोसा, वाटीभर सांबार, अर्धी कॉफी. निवृत्त झाल्यावर लोकल सुटली, डोसा सुटला नाही. हॉटेल बंद झालं तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. काही महिने काही बोलले नाहीत. मग एका सकाळी नाश्त्याचे पोहे पुढे आले तसे ताटलीकडे बघत म्हणाले, "सूनबाई, त्याच्यासारखा डोसा आपल्याकडे होईल का गं?"

त्या एका प्रश्नामुळे मी आज तुमच्यासमोर उभी आहे. मी शाळेत विज्ञान शिकवत होते, स्वयंपाकाचे वर्ग कधी घेतले नाहीत. पण नानांच्या प्रश्नाला "हो" म्हणून बसले आणि पुढची दोन वर्षं त्या "हो"च्या मागे गेली. एक वही केली. तारीख, तांदूळ किती, डाळ किती, पीठ किती तास आंबलं, डोसा कसा झाला, सगळं लिहीत गेले. त्या वहीतलं काही आज सांगते.

सुरुवातीला मला वाटत होतं की हॉटेलवाल्यांकडे काहीतरी गुपित असतं. एखादी पूड, एखादा मसाला, जो ते आपल्याला सांगत नाहीत. म्हणून मी कृती गोळा करत सुटले. प्रत्येक कृतीत प्रमाण वेगळं आणि प्रत्येक वेळी डोसा तसाच, पांढरट, मऊ, आंबोळीच्या जवळचा. नाना निमूटपणे खायचे आणि "छान झालाय" म्हणायचे. ते "छान" मला कळत होतं.

शेवटी मी त्या हॉटेलात डोसे घालणाऱ्या माणसाला शोधून काढलं. ते आमच्याच गावात घरून नाश्त्याच्या ऑर्डरी घेत होते. मी पिठाचं प्रमाण विचारायला गेले होते. त्यांनी मला उलट प्रश्न केला, "ताई, तवा कसला आहे?" मी म्हटलं, नॉनस्टिकचा. ते म्हणाले, "मग पिठाचं नंतर बोलू."

पाणी १०० अंशांना उकळतं, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं होतं. त्याचा डोशाशी संबंध मात्र त्या दिवशी लागला. पिठात पाणी आहे तोवर ते शंभराच्या वर फारसं जात नाही. खमंग तांबूस रंग आणि तो भाजका वास यायला साधारण १४० अंशांच्या वर जावं लागतं. म्हणजे आधी पाणी भराभर उडून जायला हवं आणि मग तव्यात पुरेशी उष्णता शिल्लक हवी. पातळ तव्यावर गार पीठ पडलं की तवाच गार होतो, आणि तो पुन्हा तापेपर्यंत डोसा वाफवला जातो. हॉटेलातला तवा बोटभर जाड लोखंडी पत्र्याचा असतो. त्याच्या पोटात इतकी उष्णता साठलेली असते की पळीभर पिठाने त्याला काही होत नाही.

घरी एवढा तवा आणता येत नाही, पण बिडाचा जाड तवा मिळतो. मी तो आणला. नवा तवा तेल लावून मुरवावा लागतो, पहिले काही दिवस डोसे चिकटतात, तेवढा धीर धरायचा. मग तवा मध्यम आचेवर चांगली सात-आठ मिनिटं तापवायचा. आता हॉटेलात ते काय करतात ते आठवा. तव्यावर पाणी मारतात, चर्र आवाज येतो, खराट्याने पाणी झाडतात, आणि लगेच पीठ घालून वाटीने फिरवतात. पाण्याने साफसफाई होतेच, पण खरं काम म्हणजे तव्याचा फक्त वरचा पृष्ठभाग घटकाभर निववणं. तवा फार तापलेला असेल तर पीठ पसरायच्या आधीच धरतं आणि वाटीबरोबर गोळा होऊन येतं. वरून घटकाभर निवला की पीठ पातळ पसरतं, आणि तोवर आतली उष्णता वर येऊन डोसा भाजायला लागते. पुढे डोशाला हात लावायचा नाही. कडा स्वतःहून सुटेपर्यंत थांबायचं. घाई करणाऱ्याचा डोसा फाटतो.

मग पिठाकडे आले. माझं आता ठरलेलं प्रमाण सांगते. चार वाट्या उकडा तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, दोन चमचे हरभऱ्याची डाळ, अर्धी वाटी पोहे, एक छोटा चमचा मेथ्या. हरभऱ्याच्या डाळीने रंग येतो. उडीद वेगळी वाटायची आणि वाटताना गार पाणी घालायचं, कारण मिक्सर पीठ तापवतो. हॉटेलातला दगडी ग्राइंडर सावकाश फिरतो, तो तापवत नाही. सोडा नको, यीस्ट नको. पीठ फुगवणारे जिवाणू डाळीबरोबरच येतात, आपण त्यांना फक्त ऊब आणि वेळ द्यायचा. डिसेंबरात माझं पीठ चौदा तासांनीसुद्धा आळसावलेलं असतं, मे महिन्यात सात तासांत पातेल्याबाहेर येतं. म्हणून घड्याळ बघू नका, पीठ बघा. साखर घालायची असेल तर एक लहान चमचा आणि तीही डोसे घालायच्या अगदी आधी. रात्री घातली तर जिवाणूच ती खाऊन टाकतात, रंगाला काही उरत नाही.

सांबाराने मला डोशापेक्षा जास्त दमवलं. विकतचा मसाला घालून केलेलं सांबार चांगलं लागतं, पण ते त्या हॉटेलचं लागत नाही. उडपीच्या कृष्ण मठातल्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो, आणि त्या परंपरेतल्या सांबाराचा सगळा भार धने, मेथ्या, हिंग, कढीपत्ता आणि नारळावर असतो. धने, जिरे, थोड्या मेथ्या, चमचाभर उडीद डाळ, चमचाभर हरभऱ्याची डाळ आणि ब्याडगी मिरची. हे सगळं खोबरेल तेलावर मंद भाजायचं, ओल्या नारळाबरोबर वाटायचं. त्या दिवशीचा मसाला त्या दिवशीच. तुरीची डाळ घोटून एकजीव करायची, लाल भोपळ्याच्या चार फोडी पार विरघळू द्यायच्या, चिंचेच्या कोळाच्या जोडीला गूळ घालायचा. आणि मग, ज्यावर माझं दीड वर्ष गेलं ती गोष्ट: सांबार खायच्या दोन तास आधी करून ठेवायचं. हॉटेलात ते पहाटे होतं आणि नऊ वाजेपर्यंत मंद आचेवर बसलेलं असतं. आपण उकळी फुटली की वाढतो. मुरायला त्याला वेळच मिळत नाही.

इथे मला सगळ्याचा धागा सापडला. हॉटेलातला पदार्थ ऑर्डर दिल्यावर दहा मिनिटांत येतो, म्हणून आपल्याला वाटतं तो दहा मिनिटांत होतो. तो काल दुपारपासून होत असतो. आपण घरी कृती हॉटेलची घेतो आणि वेळापत्रक घरचं ठेवतो, तिथे चव निसटते.

पंजाबी भाज्यांचं बघा. मेनूवर पनीरचे वीस प्रकार असतात. आत भटारखान्यात बहुतेक ठिकाणी तीन-चार ग्रेव्ह्या तयार असतात: टोमॅटोची लाल मखनी, काजू आणि मगज म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बियांची पांढरी, कांद्याची तपकिरी, कुठे हळदीची पिवळी. त्यांच्या मिश्रणातून आणि वरच्या फोडणीतून वीस नावं होतात. यात फसवणूक काही नाही, ही शिस्त आहे, आणि ती घरी आणता येते. महिन्यातला एक रविवार काढा. एक किलो पिकलेले टोमॅटो, पन्नास ग्रॅम काजू, थोडे मगज, आलं-लसूण, काश्मिरी मिरची, वेलदोडा, हे सगळं शिजवून बारीक वाटा आणि गाळा. गाळायचं बहुतेक जण टाळतात. हॉटेलच्या ग्रेव्हीचा जो रेशमी गुळगुळीतपणा आपल्याला क्रीमचा वाटतो तो निम्मा गाळणीचा असतो. मग लोण्यावर मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परता, डबे भरून फ्रीजरमध्ये टाका. ऐन वेळी पनीर, चुरलेली कसुरी मेथी, किंचित साखर. पंधरा मिनिटांत ताट.

बटर चिकनची जन्मकथाच मुळी कालच्या तयारीची आहे. फाळणीनंतर पेशावरहून आलेल्या कुंदनलाल गुजराल आणि त्यांच्या भागीदारांनी १९४७ साली दिल्लीच्या दरियागंजात मोती महल हे हॉटेल सुरू केलं. तंदूरमध्ये भाजलेली कोंबडी उरली तर कोरडी पडायची, ती टोमॅटो, लोणी आणि सायीच्या रश्श्यात सोडली गेली, असं सांगतात. हा पदार्थ नेमका कुणाचा यावरचा वाद २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. मला त्यातली तयारी महत्त्वाची वाटते. आधी भाजलेलं, मग रश्श्यात. घरी आपण कच्चं चिकन थेट ग्रेव्हीत शिजवतो आणि ती चव कुठे गेली म्हणून शोधत बसतो. दह्यात मुरवून ओव्हनमध्ये किंवा तव्यावर कडा काळ्या होईपर्यंत भाजा आणि मग रश्श्यात सोडा.

हॉटेलच्या पदार्थाची नक्कल करण्यात कमीपणा मानणारे लोक मला भेटतात. रवा इडली आज आपल्या घराघरांत होते. ती बंगळूरच्या एमटीआरमध्ये दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई असताना निघाली, असं ते हॉटेल सांगतं. चिकन मंच्युरियन १९७५ च्या सुमारास मुंबईत नेल्सन वाँग या आचाऱ्याने केलं. असे पदार्थ भटारखान्यातून घरात आले, जसं थालीपीठ घरातून हॉटेलात गेलं. ही ये-जा चालूच असते.

काही गोष्टी मात्र घरी होत नाहीत, तेही सांगायला हवं. तंदूर ४०० अंशांच्या वर जातो, आपला ओव्हन २५०ला थांबतो. चायनीजच्या गाडीवरची भट्टी कढई लाल करते, तेवढी आच घरच्या शेगडीत नाही. मग युक्ती करायची. फ्राइड राइसचा भात आदल्या दिवशी मोकळा शिजवून फ्रीजमध्ये ठेवायचा आणि एका वेळी एकाच माणसापुरता परतायचा. कढई भरली की ती गार पडते आणि भाज्या पाणी सोडतात. अजिनोमोटोला, म्हणजे ग्लुटामेटच्या मिठाला, मी घाबरत नाही. १९०८ साली जपानच्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञांनी समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं, आणि तेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत आणि सोया सॉसमध्ये असतंच. पण चवीपुरतं म्हणजे चिमूटभर.

आणि लोणी. पावभाजी घरी हॉटेलसारखी होत नाही अशी तक्रार करणाऱ्या मैत्रिणीला मी विचारलं, लोणी किती घातलंस? म्हणाली, एक चमचा. चौघांच्या भाजीला शंभर ग्रॅम लागतं. रोज घालू नका. पण ज्या दिवशी ती चव हवी असेल त्या दिवशी हात आखडू नका.

एक उपयोगी सवय सांगते. आवडलेल्या भाजीचं पार्सल घरी आणा आणि त्यातली वाटीभर रात्री फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी बघा. वर चरबीचा थर किती आलाय, तो लोण्याचा पिवळट आहे की वनस्पती तुपाचा पांढरा, खालची ग्रेव्ही थिजून घट्ट झालीय की पाणी सुटलंय. गरम असताना मसाल्याच्या वासाखाली जे दडतं ते गार झाल्यावर दिसतं. हे मला शाळेतल्या प्रयोगशाळेने शिकवलं. आणि आचाऱ्यांना विचारा. गर्दीच्या वेळी नको, दुपारी तीन-साडेतीनला. मला आजवर एकानेही हाकलून दिलं नाही. आपण केलेलं कुणीतरी इतक्या मनापासून विचारतंय याचं त्यांना अप्रूप असतं.

नानांचं राहिलं. दोन वर्षांनी एका रविवारी बिडाच्या तव्यावरचा डोसा, दोन तास मुरलेलं सांबार आणि नारळाची चटणी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी डोशाचा तुकडा मोडला, सांबारात बुडवला, खाल्ला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सांबार तेच. डोसा तोच. चटणी नाही. त्याची पातळ असायची, आणि त्यात डाळं असायचं."

मी मूठभर डाळं आणि पाणी घालून चटणी पुन्हा वाटली. त्यांनी ताटली पुढे केली आणि दुसरा डोसा मागितला.